विमान त्यांचं, शिकायचा खर्च आपला?

मंडळी, दुपारपासून डोकं चालत नाहीये, म्हणून तुम्हाला विचारतो.

आज थोरला भाऊ आमच्या गावाहून, इंदुरीहून, लोणावळ्याला माझ्या घरी आला. सोबत त्याची मुलगी प्राजक्ता. तिच्याकडे पायलटचं लायसन्स आहे. तरी एक कंपनी म्हणते, आमचं मोठं विमान चालवायला आधी स्वखर्चाने शिका, मग नोकरी देऊ. त्यासाठी भाऊ आमचं सामाईक शेत विकायला निघालाय. माझी सही हवी.

मी घाटात रेल्वेचं इंजिन चालवतो. मला रेल्वेने शिकवलं, तेही पगार देऊन. मी म्हटलं, "विमान त्यांचं, मग शिकायचा खर्च आपला का?"

"काका, मी नको म्हटलं तर हो म्हणणाऱ्यांची रांग आहे," प्राजक्ता म्हणाली.

भाऊ हसला. "तुला फुकटात शिकवलं, म्हनून तू अजून घाटातच हायेस. सही कर."

मी उद्यापर्यंत वेळ मागितला. संध्याकाळी देवापुढे बसलो, पण काय मागावं तेच कळेना. राग कंपनीचा येतो, पण सही अडवली तर नुकसान प्राजक्ताचं होईल. आणि सगळेच अशा सह्या करत गेले, तर ज्याच्याकडे विकायला शेतच नाही त्याच्या हुशार पोरीने काय करायचं?

तुम्ही माझ्या जागी असता, तर सही केली असती का?