चावी तीनशे एकला थांबत नाही

खालच्या मजल्यावरच्या वैनी जिना चढून आल्या आणि आमच्या दारावरून पुढे गेल्या.

रविवारची सकाळ. त्यांच्या हातात पंपाच्या खोलीची चावी. चावीला लाकडाचा तुकडा बांधलेला, त्यावर खिळ्यानं कोरलेलं, 'मोटर'. आमचं दार उघडं होतं. आई उंबऱ्याशी शेपू निवडत बसलेली. वैनी दिसताच तिनं हात पदराला पुसला आणि पुढे केला.

"द्या हिकडं. मला येतंय की मोटर लावाया."

"ऱ्हाऊ द्या आजी. तुमाला कशाला तरास?"

हसून म्हणाल्या. आणि शेजारच्या तीनशे दोनची बेल दाबली.

आईचा हात तसाच राहिला. मग तिनं तो पुन्हा पदराला पुसला. आता हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसला. मी आत दाढी करत होतो. आरशात सगळं दिसलं.

मी बाहेर आलो नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकताना मी फार शूर वाटेन, तो गैरसमज नको.

आमची इमारत रंकाळ्याच्या मागच्या बाजूला. तीन मजले, बारा फ्लॅट, खाली पार्किंग. वॉचमन नाही. म्हणून पाण्याची पाळी घरोघरी फिरते. एका घरात चावी आठवडाभर राहते. सहाला उठायचं, खाली जाऊन मोटर लावायची, गच्चीवरची टाकी भरेपर्यंत लक्ष ठेवायचं, मग बंद करायची. उशीर झाला की नळ कोरडे. विसरलं की गच्चीवरून धबधबा. ज्याची पाळी त्याला आठवडाभर शिव्या. या कामाचा सगळ्यांना वैताग. कोण गावाला जातं, कुणाची कंबर धरते. पण चावी फिरते. दोनशे चारच्या वैनींकडून ती तीनशे एकला यायला हवी. तीनशे एक म्हणजे मी.

जिन्याखालच्या यादीत अकराच नंबर. दोनशे चार, मग थेट तीनशे दोन.

आम्ही राहायला आलो तेव्हा यादीत आमचा नंबर होता. पाळी यायच्या आधी जयंती आली. आम्ही गॅलरीत निळा झेंडा लावला, दारात रांगोळी काढली, बाकीच्या अकराही घरांत लाडू दिले. दुसऱ्या आठवड्यात नवी यादी लागली. मी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणजे आमच्या अपार्टमेंटचे अध्यक्ष, मार्केट यार्डात गुळाचा व्यापार. त्यांनी खांद्यावर हात ठेवला नाही, पण आवाजात ठेवला.

"तुमी दिवसभर पाण्याचंच काम करतासा. घरी तरी इसावा घ्या की."

कारण मी महापालिकेचा चावीवाला. रस्त्यातल्या खड्ड्यात लोखंडी दांडा घालून व्हॉल्व्ह फिरवणारा. मी फिरवल्याशिवाय दोन वॉर्डांत पाणी येत नाही. अण्णांच्या घागरीतही नाही. रस्त्यावर माझा हात चालतो. तिथं हात आणि पाणी यांच्यामध्ये लोखंड असतं, म्हणून चालत असेल.

मी बायकोला सांगितलं, "बघ, किती समजून घेतात." तिला कळलं होतं. खरं तर मलाही कळलं होतं. पण आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदलून पहिल्यांदा स्वतःच्या दारावर पाटी लावली होती. ती पाटी सुखानं राहावी म्हणून मी आंधळा झालो.

त्याहून वाईट सांगतो. गेल्या वर्षी गच्चीवरची टाकी धुवायची होती. माणूस मिळेना. अण्णा म्हणाले, "तुमचा हात बसलाय ह्या कामावर." आणि मी उतरलो. हाफ चड्डीवर, अनवाणी, दोन तास ब्रशनं गाळ काढला. हात-पाय पांढरे पडले. अण्णांनी वरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. अकरा घरांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी रात्री तीन वेळा ग्रुप उघडून ती मोजली. वाटलं, झालो यांच्यातला.

टाकीत माझे पाय चालले. मोटरच्या बटणाला माझं बोट चाललं नाही.

त्या रविवारी दुपारी आई जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "गावात हिरीवर बाया वरनं पाणी वतायच्या. त्यांच्या घागरीला आमची घागर लागू द्यायच्या न्हाईत. पर तोंडानं गोड. 'घे बाई, तुला कशाला तरास' म्हनायच्या. हसूनच वतायच्या."

मग म्हणाली, "ह्या वैनीगत."

पन्हाळ्याच्या पायथ्याचं ते गाव सोडून आईला चाळीस वर्षं झाली. मी तिला घरात नळ असलेल्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. आणि तिथंच परत त्या विहिरीवर उभं केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. वैनींचा राग नंतर आला, आधी माझाच आला.

दोन महिन्यांनी अण्णा दारात आले. आत आले नाहीत. "टाकीत लई गाळ झालाय. येत्या सुट्टीला उरकून टाका."

"यादीत माझा नंबर कुठाय, अण्णा?"

"त्याचा काय संबंध?"

"चावीला चालत नाही तो हात टाकीला कसा चालतो?"

अण्णांचा चेहरा लाल झाला. "जातीचं काय काढतासा? आमी कुनी काय बोललोय काय कवा?"

"जात मी काढली नाही. तुम्ही नंबर काढला."

ते जिना उतरून गेले. दार लावून मी पाणी प्यायलो.

मग कपाटातून घराची कागदपत्रं काढली. घेताना नुसत्या सह्या केल्या होत्या, वाचलं नव्हतं. आमच्या इमारतीचं घोषणापत्र, म्हणजे कुणाचं काय आणि सामाईक काय याचा दस्त, त्यात होतं. दोन रात्री बोट ठेवून वाचलं. जिना, गच्ची, दोन्ही टाक्या, पंपाची खोली, सगळं सामाईक. प्रत्येक फ्लॅटधारकाचा त्यात न तुटणारा हिस्सा. आणि देखभालीची जबाबदारी सगळ्यांवर. मी 'हिस्सा' या शब्दापाशी बसून राहिलो. पण मला खरं धरलं ते पुढच्या शब्दानं. जबाबदारी. माझी जबाबदारी माझ्याकडून काढून घेतली होती आणि मी त्याला सवलत समजून बसलो होतो.

पार्किंगमध्ये मीटिंग झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा नाही. मी ते पान मोठ्यानं वाचलं. अण्णा म्हणाले, "आमाला कायदा शिकवू नगा. चार घरांचं मन बगाय लागतंय."

"कुठली चार घरं? हात वर करा."

एकही हात वर आला नाही. अकरा घरं, अकरा जोड्या हात, सगळे मांडीवर. तीनशे दोनचे प्राध्यापक मोबाइलमध्ये बघत होते. हे दिवाळीला माझ्या घरी येऊन समतेवर बोललेले.

"मग माझं नाव मी लिहितो," म्हणालो.

पेननं लिहिलं. दोनशे चारच्या खाली, तीनशे एक. सकाळी खोडलेलं होतं. परत लिहिलं. परत खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं आणि शेजारी घोषणापत्राच्या पानाची झेरॉक्स चिकटवली. खाली लिहिलं, 'आता खोडणाऱ्यानं सही करावी.'

कुणी सही केली नाही. कुणी खोडलंही नाही. पण जिन्यात भेटले की माणसं भिंतीकडे सरकू लागली. ग्रुपवर मेसेज आला, 'काही लोकांमुळे बिल्डिंगचं वातावरण बिघडतंय.' बायको म्हणाली, "विकून जाऊया?" मी म्हणालो, "कुठं? तिथंही यादी असेल."

दहा घरं फिरून चावी परत दोनशे चारला आली. आठवडा संपला. रविवार.

या वेळी मी दारात वाट बघत बसलो नाही. पावणेसहाला खाली उतरलो. आई मागोमाग आली, कठड्याला धरून. बेल दाबली. वैनींनी दार उघडलं, मला बघितलं, आत गेल्या. चावी घेऊन आल्या आणि दाराबाहेर चपलांच्या स्टँडवर ठेवली.

"घ्या."

"हातात द्या, वैनी."

"तितंच तर हाय की. उचला."

"हातात द्या."

सहा वाजले. सव्वासहा. वरची टाकी किती वेळ पुरते ते मला पक्कं माहीत होतं, तेच तर माझं काम. वरून कुणीतरी ओरडलं, "मोटर का लागंना? आंगुळीला पानी न्हाय!" पहिल्या मजल्यावरून अण्णा बनियनवर आले. मला बघितलं, स्टँडवरची चावी बघितली. सगळं समजलं त्यांना. वैनींना म्हणाले, "देऊन टाका. उगं तमाशा."

वैनींनी चावी उचलली. लाकडाचा तुकडा दोन बोटांत धरला. माझ्या तळहातापासून वीतभर अंतर ठेवलं आणि वरून सोडली.

माझ्या पाठीमागं आईनं श्वास ओढून घेतला. तिनं ओळखलं. मीही ओळखलं.

मी मूठ मिटली. अण्णांना म्हणालो, "टाकी धुवायचीही आता यादी लागेल. एकशे एकपासून. पहिला नंबर तुमचा." मग आईला घेऊन पंपाच्या खोलीत गेलो. तिनं बटण दाबलं. मोटर लागली. बारा घरांचं पाणी आईच्या बोटानं वर चढलं, तीनशे दोनचं, दोनशे चारचं, अण्णांचं. आई हसली नाही. मीही नाही. यात हसण्यासारखं काही नव्हतं.

येत्या रविवारी चावी मला पुढे द्यायची आहे, प्राध्यापकांना. मी ती स्टँडवर ठेवणार नाही. वरून सोडणार नाही. हातात देईन, हाताला हात लागेपर्यंत धरून ठेवीन. ते हात मागे घेतील तर तिथंच उभा राहीन. टाकी रिकामी होऊ दे. नळ कोरडे पडू देत. मी हलणार नाही.