रेडिएटरवरची रेकॉर्ड

काल दुकानात एक जुनं ब्राझिलियन गाणं लागलं आणि २००४ सालची अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली खोली आठवली. पापड लाटायला टेबल हवं होतं, म्हणून मी माझ्या ब्राझिलियन रूममेटची, लुसियाची, गाण्यांची रेकॉर्ड उचलून खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर ठेवली. तासाभरात ती पापडासारखी वाकली. लुसियाच्या वारलेल्या वडिलांची तेवढीच वस्तू तिच्याकडे होती.

“नवी आणून देते,” मी म्हणाले.

“नवीवर बाबांची सही नसेल.” थोड्या वेळाने तीच लाटणं घेऊन बसली. “गाणी कुठे जातात? आमच्याकडे पोराटोरांना पाठ असतात.” लाटता लाटता तिने रेकॉर्डवरची सगळी म्हटली.

काल दुकानात त्यातल्याच एका गाण्याची पुढची ओळ माझ्याच तोंडून आली. अर्थ अजूनही माहीत नाही.

“आई, तुला हे कसं येतं?” मुलीने विचारलं.

“पापड लाटताना शिकले.”