डाव्या बाहीला कापराचा वास

माझी आत्या बाइंडर आहे. बावीस वर्षं एकच कारखाना, एकच टेबल, एकच स्टूल, आणि स्टुलावर तिने स्वतः शिवलेली उशी. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं की म्हणते, "पुस्तकं उलटून बोलत नाहीत." मी तिच्याकडेच राहते, कॉलेज इथून जवळ पडतं म्हणून, आणि खरं सांगू का, आईचा ओरडा मी एका कानाने ऐकते, आत्याचा दोन्ही कानांनी.

पण परवा जे झालं ते सांगायचं तर आधी आमच्या शहराचं सांगायला लागेल.

इथे तीन तऱ्हेची माणसं राहतात. दगडवाले करडे आणि जाडजूड, बसमध्ये शेजारी बसले की आपली बाजू वर उचलली जाते. पिसवाल्यांच्या हातांवर पिसं, राग आला की फुलतात, त्यामुळे बिचाऱ्यांना मनातलं काही लपवता येत नाही. आणि आम्ही पाणवाले. बोटांच्या मध्ये पातळ कातडी, रंग अजिबात दिसत नाहीत, आणि नाक असं की तळमजल्यावर दूध उतू जायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर आम्हाला कळतं.

आता जग कसं झालं? तर याबद्दल तिघांच्या तीन गोष्टी. दगडवाले म्हणतात, आधी एक दगड होता, एकटा. एकटं राहून राहून तो तडकला, तड्यातून दगडवाले बाहेर आले, आणि जी धूळ उडाली ती बाकीचे सगळे. आम्ही म्हणतो, आधी पाणी होतं. पाण्याने स्वतःला ढवळलं, वर फेस आला ते आम्ही, आणि खाली गाळ बसला ते दगडवाले. पिसवाल्यांच्या गोष्टीत एक पक्षी आहे आणि एक अंडं, आणि त्यात आम्ही दोघंही टरफलात जमा आहोत. म्हणजे प्रत्येकाने आपली गोष्ट सांगताना दुसऱ्याला एक चिमटा काढलाच आहे.

माझ्या आजोबांच्या लहानपणी शाळेत तिघांना मिळून एक पुस्तक होतं. कोणाची गोष्ट पहिल्या पानावर छापायची यावरून एवढं पेटलं की नदीवरचा पूल जाळला. तीन वर्षं इकडचा माणूस तिकडे गेला नाही. मग कायदा आला. पहिलीचं पुस्तक सगळ्यांना तेच, तीच चित्रं, त्याच बेरजा, फक्त पहिली सोळा पानं ज्याची त्याची. सोळा पानांच्या अशा घडीला कारखान्यात फर्मा म्हणतात. आणि चुकीचा फर्मा चुकीच्या पोराच्या हातात गेला आणि शाळेने तक्रार लिहून पाठवली, तर बाइंडरचा परवाना जातो. कायमचा. परत सुई हातात धरायची नाही.

आत्याचं अख्खं आयुष्य त्या पहिल्या फर्म्यात आहे.

ओळखायला फर्म्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका असतो, पण तो आम्हाला दिसत नाही. म्हणून घडी करणाऱ्या बायका प्रत्येक फर्म्याच्या कडेला खळीचं एक बोट लावतात. दगडवाल्यांच्या फर्म्याला लवंग घातलेली खळ, पाणवाल्यांच्या फर्म्याला कापराची. पिसवाल्यांची पुस्तकं दुसऱ्या टेबलावर होतात, त्यांना वासाने शिंका येतात. आत्याच्या डाव्या हाताला लवंगेचा गठ्ठा, उजव्या हाताला कापराचा. उचलायचं, हुंगायचं, बाकीचे फर्मे खाली लावायचे, शिवायचं, त्या त्या शाळेच्या खोक्यात टाकायचं. बावीस वर्षांत एक चूक नाही. म्हणून तिचं टेबल कोणी तपासतही नाही.

नियम फक्त एक: नाक बंद असेल तर घरी बसायचं.

तर गेल्या आठवड्यात आत्याला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नळ सोडल्यासारखी. आणि दोन दिवसांवर शाळा उघडणार, आणि कारखान्यातलं दुसरं नाक, म्हणजे तिची मैत्रीण, बाळंतपणाला गेलेली. मी म्हटलं, "आत्या, सांग ना मालकांना."

"आणि पुस्तकं कोण शिवणार? तू?"

"पण वास..."

"डावीकडे लवंग, उजवीकडे कापूर. बावीस वर्षं तेच आहे. नाक नसलं तरी हात आहेत ना."

मी तिचा डबा भरून दिला. मला आत्ता लिहितानाही राग येतोय माझा.

परवा सकाळी सातला मी दात घासत होते आणि आत्या खिडकीत उभी, हातात कारखान्यातला एप्रन, धुवायला काढलेला. सर्दी रात्रीतून उतरली होती. ती एप्रनची डावी बाही नाकाशी धरून उभी. मग उजवी धरली. मग परत डावी.

"काय झालं?"

"कापूर," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"डाव्या बाहीला कापराचा वास येतोय."

मला कळायला दोन सेकंद लागले. डाव्या हाताने ती दगडवाल्यांचे फर्मे उचलते. डाव्या बाहीला लवंगेचा वास यायला हवा. नंतर कळलं की झाडणाऱ्या बाईंनी त्या दिवशी टेबल पुसायला गठ्ठे उचलले आणि परत ठेवताना इकडचे तिकडे ठेवले. त्यांचा काय दोष, त्या आधीही कधीतरी चुकल्या असतील, आत्याच्या नाकाने तेव्हा निस्तरलं असेल.

म्हणजे साठ दगडवाल्या पोरांच्या हातात आता असं पुस्तक पडणार होतं, ज्यात लिहिलंय की तुम्ही गाळ आहात. आणि आमच्या साठ पोरांच्या हातात, तुम्ही धूळ आहात. आणि शाळा आज उघडणार होती. साडेसातला.

आत्या खाली बसली. ती कधी अशी बसत नाही, भिंतीला टेकून, पाय पसरून. म्हणाली, "गेलं सगळं."

मी तोंडातली पेस्ट थुंकली आणि म्हटलं, "ऊठ."

सायकलवर डबलसीट. आत्या मागे, मांडीवर पिशवी, पिशवीत सुया, दोरा, मेणाचा खडा. पुलावर चढ आहे, तिथे मी धापा टाकतेय आणि ती मागून मला पढवतेय. "हे बघ, आपण सांगायचं, शिलाई सैल झालीय, म्हणून पुस्तकं तपासायला आलोय. तू बोलू नकोस. कळलं? तू तोंड उघडलंस की सगळं सांडतेस."

"नाही बोलणार."

"शपथ?"

"शपथ!"

पोचेपर्यंत आठ वाजून गेले होते. दगडवाल्यांच्या शाळेचा व्हरांडा थंडगार, बाकं जमिनीत पुरलेली, नाहीतर मोडतात. मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या, दरवाजाएवढ्याच रुंद. हातात पहिलीचं पुस्तक. आत्याने घसा साफ केला आणि "शिलाईचं जरा..." एवढंच म्हणाली, आणि मी, मला काय झालं माहीत नाही, मी एकदम बोलून गेले, "चूक झाली हो, हिला सर्दी होती, प्लीज तक्रार करू नका, हिचा परवाना जाईल!"

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी तिथल्या तिथे वाळले.

मोठ्या बाईंनी पुस्तक उघडून पहिलं पान आमच्यासमोर धरलं. "पोरांनी वाचलंय," त्या म्हणाल्या. "पहिल्याच तासाला. मोठ्याने."

"गाळापर्यंत?" आत्याने विचारलं.

"गाळापर्यंत."

"मग?"

"मग काय. एक कार्टी उभी राहिली. म्हणे, बाई, आधी नुसतं पाणी होतं तर ते सांडलं कसं नाही?" मोठ्या बाईंच्या पोटातून काहीतरी गडगडायला लागलं. मी घाबरले, पण ते हसू होतं. "मग पोरांनीच ठरवलं. ते पाणी आमच्या दगडाच्या खळग्यात होतं, म्हणून नाही सांडलं. म्हणजे दगड आधी. तुमच्या पुस्तकात, बाई, तुम्हीच लिहून दिलंय."

इथे कोणीही शहाण्या माणसाने मान डोलावली असती. परवाना पणाला लागलाय, समोरची हसतेय, गप्प बसायचं. आत्या म्हणते, "असं कसं? खळगा पडला कशाने? दगडाला खळगा पाण्यानेच पडतो."

मी तिला मागून चिमटा काढला. उपयोग शून्य.

"तडकला म्हणून पडला," मोठ्या बाई.

"तडकला की भेग पडते. खळगा नाही. नदीवर जाऊन बघा."

"मी नदीवर जायला लागले तर नदी बाहेर येईल."

आणि दोघी हसल्या. अहो दोघी! परवाना टांगणीला आणि या हसतायत.

मग मोठ्या बाई गंभीर झाल्या. "हसले म्हणून सोडलं असं समजू नका. माझ्या वडिलांचं दुकान पुलाजवळ होतं. त्यात जळलं ते." आत्याने मान खाली घातली. "ही पानं आज शाळा सुटायच्या आत बदलून पाहिजेत. पोरं घरी पुस्तकं नेणार. घरचे हसणार नाहीत."

पण बदलायची कशाने? बरोबर पानं तर आमच्या शाळेतल्या पुस्तकांत शिवलेली. म्हणजे परत सायकल, परत पूल, आता मी एकटी. पाणवाल्यांच्या शाळेत पहिलीला अजून तेच गुरुजी आहेत, ज्यांनी मला शिकवलं. मी वर्गाच्या दारात पोचले तर आत पोरं रडतायत. मुसमुसून. मला वाटलं, झालं, धुळीपर्यंत आले.

"कशाला रडतायत?" मी विचारलं.

"तो दगड एकटा होता म्हणून," गुरुजी वैतागून म्हणाले. "अर्धा तास झाला. पुढे सरकूच देत नाहीत. एकीने तर ठरवूनच टाकलंय की तोही रडला असणार, म्हणजे पाणी त्याच्या आत आधीपासून होतंच." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आत्याचा घोळ ना हा? वास आला मला खोकं उघडलं तेव्हाच. लवंग."

"मग वाचू कशाला दिलंत?"

"तुला पहिलीत कोणी सांगितलं होतं का, पलीकडच्यांची गोष्ट काय आहे ते?"

नव्हतं सांगितलं. मला ती कॉलेजात गेल्यावर कळली. गुरुजींनी साठच्या साठ पुस्तकं गोणीत भरून दिली. दोन पोरींनी दगडाचं चित्र सोडायला नकार दिला, त्यांना मी खोटं सांगितलं की दगडाला त्याच्या मित्रांकडे घेऊन चाललेय.

मी गोणी घेऊन दगडवाल्यांच्या शाळेत परतले आणि तिथल्या व्हरांड्यात आत्या शिवत बसली. ते बघायला हवं होतं तुम्ही. दोरा कापायचा, फर्मा हुंगायचा, इकडचा तिकडे, तिकडचा इकडे, तीन टाके, गाठ, पुढचं. एकशे वीस पुस्तकं. प्रत्येक फर्मा ती दोनदा हुंगत होती. दगडवाली पोरं भोवती कोंडाळं करून. एक म्हणाली, "तुम्ही नाकाने वाचता?" आत्या म्हणाली, "हो, आणि तू सकाळी तोंड धुतलेलं नाहीस." सगळा वर्ग लोळला.

एक वाजता शेवटची गाठ मारली. आत्या उठली, गुडघे धरून, आणि मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. "तक्रारीचं काय ते सांगा. मला ताटकळत ठेवू नका."

मोठ्या बाईंनी टेबलाच्या खणातून छापील कागद काढला. तक्रारीचाच. वरचे दोन रकाने भरलेले होते.

"सकाळी भरायला घेतला," त्या म्हणाल्या. "तिसरा रकाना वाचा."

मी वाचला. पुस्तकं वाटण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी तपासली होती काय?

"नव्हती," मोठ्या बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं तुमचं खोकं मी न उघडताच वर्गात पाठवते. तुमचा परवाना गेला तर माझी खुर्चीही जाते. आणि ही खुर्ची खास बनवून घेतलेली आहे." त्यांनी कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. "पुढच्या वर्षी मी खोकं उघडणार. आणि तुम्ही सर्दी झाली की घरी बसणार. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली.

मी सुटलो सुटलो करत नाचायच्या बेतात होते, पण आत्या घरी यायच्या ऐवजी कारखान्यात निघाली. म्हणे, मालकांना सांगायला हवं. मी म्हटलं, "वेडी आहेस का? मिटलंय सगळं!" ती म्हणाली, "त्यांच्याकडे उद्या तोंड वर करून बघायचंय मला." आणि मला वाटेत गुरुजींची गोणी पोचवून घरी जायला सांगितलं. तू बोलून घाण करशील, म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

मी जिन्यात बसून राहिले. चार वाजले. पाच वाजले. मालक पिसवाला, त्याची पिसं फुलली की अख्खा कारखाना टेबलाखाली जातो. मी मनातल्या मनात त्याला सत्तर शिव्या दिल्या, मग सत्तर वेळा परत घेतल्या, कारण नोकरी त्याच्या हातात.

सहाला आत्या आली. हातात भाजीची पिशवी.

"काय म्हणाले? पिसं फुलली?"

"मानेपर्यंत."

"मग?"

"मग विचारलं, माझ्या लोकांची पुस्तकं बरोबर गेली ना? म्हटलं, गेली. मग पिसं हळूहळू बसली खाली." ती जिन्यावर माझ्या शेजारी टेकली. "उद्यापासून माझं टेबल तपासायला एक बाई ठेवणार आहेत. दगडवाली. तिला रंग दिसतात."

"म्हणजे तू आहेस? कामावर?"

"म्हणजे काय! दुसरीची पुस्तकं यायचीत अजून."

आणि मला एवढं रडू आलं, एवढं, की समोरच्या काकू दार उघडून बघायला लागल्या. आत्या त्यांना म्हणाली, "काही नाही हो, भूक लागलीय तिला," आणि मला दंडाला धरून वर घेऊन गेली.