खिरापतीच्या बंद डब्यातली कात्री

प्रति, सर्व सुज्ञ वाचक.

अर्जदार : मी स्वतः, पुंडलिक, अर्जनवीस, तहसील कचेरीसमोर, नांदुरा. घटनास्थळ : माझ्या राहत्या घराची ओसरी. वेळ : कोजागिरीची दिवेलागण. साक्षीदार : थोरली बहीण शांताताई, कन्या वैष्णवी, शेजारीण पार्वताबाई.

प्रथमच नमूद करतो, की भानामतीच्या तक्रारी मी पुष्कळ लिहून दिल्या, परंतु एकीवरही कधी विश्वास ठेवला नाही. मी पुराव्याने चालणारा मनुष्य आहे. म्हणूनच पुढील हकिकत गांभीर्याने घ्यावी.

ताईला छातीचा कॅन्सर. अकोल्याला ऑपरेशन झाले, पण पहिल्या केमोनंतर तिने पुढे जाण्यास साफ नकार दिला. मी मुद्देसूद समजावले... तिने माझे मुद्दे कचेरीसमोरच ठेवून येण्यास सांगितले.

वैष्णवी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत आहे. ती सणाला आली. आमच्याकडे भुलाबाईची गाणी झाली, की बंद डबा वाजवून आतली खिरापत ओळखायची असते. या खेळात ताई लहानपणापासून पटाईत. वैष्णवीने टेपने बंद केलेला स्टीलचा डबा पुढे ठेवला आणि पैज लावली — आत्या हरली तर तिने केमोला चालायचे. जिंकली तर तो विषय घरात कोणी पुन्हा काढायचा नाही. मी हबकलो. एवढी गोष्ट खेळावर लावावी? पण ताई तयार झाली.

डबा पुण्यातच बंद झालेला. आत काय, हे मलाही ठाऊक नव्हते.

पार्वताबाई म्हणाली, "आज हरतं तू, शांते. पुण्याचा खाऊ हाय. तुह्या बापानं तरी पाह्यला होता काय?"

ताईने डबा वाजवला नाही. हातही लावला नाही. नुसते डोळे मिटले... आणि सावकाश म्हणाली,

"खाऊ नाही व हा. बारीक बारीक पिशव्या हायेत. एकेकीत कात्री हाय."

वैष्णवीचा चेहरा उतरला. टेप काढली. आत बोराएवढ्या पारदर्शक पिशव्या — आणि प्रत्येकीत चंदेरी कागदाची कात्री! आपले संशोधन शाळेतल्या मुलांना समजावण्यासाठी तिने त्या बनवल्या होत्या. अंगावर सरसरून काटा आला, हे मी शपथेवर लिहितो.

म्हणजे ताई जिंकली. केमोचा विषय संपला. पैज रद्दबातल असल्याची हरकत मी घेणार, तोच ताईने एक पिशवी उचलली.

"पण पोरी, ह्या कात्र्या कायले?"

वैष्णवीने सांगितले, की शरीरातल्या पेशी अशा सूक्ष्म पिशव्या सोडतात व त्यांतून एकमेकींना निरोप धाडतात. त्याच पिशवीत बिघडलेले जनुक कापून दुरुस्त करणारी कात्री भरून कॅन्सरच्या पेशीपर्यंत पोचवायची, असे प्रयत्न चालू आहेत. पिशवी घरचीच, म्हणून शरीर तिला सहसा अडवत नाही. मी तात्काळ खुलासा केला — दुरुस्ती-अर्ज घरच्याच माणसाच्या हाती पाठवला, की दारावरचा शिपाई हटकत नाही! वैष्णवीने मान डोलावली.

"मंग मले कधी देतीन हे?"

"आत्या, खोटं नाही सांगत. अजून प्रयोगच सुरू हायेत. किती वर्षं लागतीन, माहीत नाही."

ताईने पिशवी दिव्यासमोर धरली. बराच वेळ आतली कात्री लकाकत राहिली.

"मंग तोवर जित्तं राहा लागन," ती म्हणाली. "सांग तुह्या बापाले, गाडी पाह्य म्हणा अकोल्याची. पण हरली म्हणून नाही चालली मी. जिंकली, म्हणून माह्या मर्जीनं चालली."

सध्या केमो चालू आहे. ती पिशवी ताईच्या पदराला गाठ मारून असते. कसे ओळखलेस, असे मी नाना परींनी विचारले. "दिसलं" यापलीकडे जबाब मिळाला नाही. वैष्णवीने कोणाला सांगितले नव्हते. मजजवळ कोणतेही स्पष्टीकरण नाही.

सबब विनंती, की जाणकारांनी याचा लेखी खुलासा करावा. तसेच प्रयोगशाळांतील सर्व संबंधितांनी, अर्जदाराची बहीण वाट पाहत आहे हे ध्यानी घेऊन, कात्रीचे प्रकरण शक्य तितक्या तातडीने निकाली काढावे.

कळावे,
पुंडलिक, अर्जनवीस