ठिबकवाल्या मलप्पांची दोन पुस्तकं

निलंग्यात ठिबकच्या नळ्या विकणारे मलप्पा गिऱ्हाइकाला नळीआधी इस्रायल ऐकवायचे. देशोदेशी मार खाल्लेल्या ज्यूंनी स्वतःचा देश कसा उभारला, वाळवंट कसं पिकवलं. ज्यूंच्या त्या झायोनवादी चळवळीचा इतिहास माझ्या वाचनालयातून मीच दिला होता. त्यांना तो घरचाच वाटला. रझाकारांच्या धास्तीनं त्यांची आजी गळ्यातल्या लिंगाशिवाय काहीही न घेता गावातून पळाली होती.

ऐकून ऐकून माझे कान किटले, तेव्हा मी दुसरं पुस्तक दिलं. अठ्ठेचाळीस साली तिथली घरंदारं सुटलेल्या पॅलेस्टिनी अरबांचं.

तिसऱ्या दिवशी मलप्पा माझ्यावरच खेकसले, "कशाला दिलं हो हे? बसू देईना, झोपू देईना."

"मग वाचू नका."

"वाचून झालंय!" त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं. "आमचं दुकान आजोबांनी त्याच साली धरलं, पोलीस ॲक्शननंतर परत आल्यावर. कुलूप तोडून आत शिरले, हे मी लई फुशारकीनं सांगत आलो."

ते दारापर्यंत गेले, तिथूनच माघारी आले.

"कुलूप लावून कोण पळालं होतं, हे मी कधी इचारलंच न्हाई."