गाठीच्या आतल्या माझ्या पेशी

आंघोळ करताना छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा मी ती मनावर घेतली नाही. मी हदगावच्या शाळेत विज्ञान शिकवते, तरीही. माझ्या थोरल्या जाऊबाईला, आक्काला, सहज बोलले, "दुखत तर न्हाई."

"दुखत न्हाई म्हणूनच भ्या वाटायलंय," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मला नांदेडच्या गाडीत बसवून स्वतःही शेजारी बसली.

कॅन्सर निघाला. लवकर सापडला होता, काखेत पसरला नव्हता. गाठ काढली. टाके सुकत आले तरी मी आरशासमोर उभी राहत नव्हते. "माझ्याच अंगानं मला दगा दिला," असं आक्काला सारखं म्हणायची.

केमो ठरवायला गेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गाठीत रोगप्रतिकारक पेशी बऱ्याच दिसल्यात. चांगली खूण आहे."

हा धडा मी दरवर्षी शिकवते. "मला बघता येतील?" मी विचारलं.

ते हसले आणि त्यांनी आम्हाला खाली लॅबमध्ये पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावून दिली. गुलाबी-जांभळं काहीतरी दिसलं.

"मोठ्या, वेड्यावाकड्या आहेत त्या कॅन्सरच्या. त्यांच्यात शिरलेले बारीक गर्द ठिपके तुमच्या रोगप्रतिकारक पेशींचे."

"औषधानं आल्या?"

"औषध अजून सुरू कुठं झालंय, मॅडम? तुमच्या शरीरानंच पाठवल्यात. आम्ही हात लावायच्या आधीपासून लढतायत."

"मग केमो कशाला?"

"एकट्यांना जमलं असतं तर गाठ वाढलीच नसती. त्या इतक्या असल्या की तुमच्या गाठीसारख्या गाठींत पुढचं बहुतेक बरं जातं. पण खात्री कुणीच देणार नाही. केमो घ्यायचीच."

आक्कानंही बघायचा हट्ट धरला. चष्मा काढून, पुन्हा लावून, ती बराच वेळ वाकून राहिली.

"लई गर्दी हाय की गं! एवढ्या जणी तुझ्यासाठी राबायलेत, अन् तू म्हणतीस अंगानं दगा दिला!"

डॉक्टरबाई हसल्या. मला मात्र रडू फुटलं. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिले. व्रणावर हात ठेवला. हे अंग परत आपलं वाटलं.

केमो सोपी गेली नाही. केस गेले, तोंडाची चव गेली. अन्नाचा वासही नकोसा व्हायचा. आक्का ज्वारीची पातळ आंबील करून समोर बसायची आणि वाटी रिकामी झाल्याशिवाय उठायची नाही.

आता मी शाळेत जाते. तपासणीच्या आदल्या दिवशी भीती वाटतेच. परवाचे रिपोर्ट चांगले निघाले. बाहेर आक्का केळी घेऊन बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"चांगलं हाय," एवढंच बोलले.

"मग खा," असं म्हणून तिनं केळं सोलून माझ्या हातात दिलं.