तिसरी डिस्क माझ्या कपाटात

शेवटच्या आजारपणात बाबा माझ्याकडे विचुंब्याला होते. धाकटी बहीण दर रविवारी द्रोणागिरीहून यायची, मोबाईलवर त्यांचे फोटो काढायची. ते गेल्यावर ती म्हणाली, "दादा, माजा मोबाईल भरलाय. बाबांचे फोटो तुज्या डिस्कवर टाक." मी टाकले, तिचा मोबाईल रिकामा करून दिला आणि मग एकटाच बघत बसलो.

प्रत्येक फोटोत बाबा हसत होते. खाली तीच पिवळट चादर, तिच्यावर सुकलेले डाग, उशाशी उष्ट्या ताटावर माश्या. त्या खोलीचा वास मला सहन व्हायचा नाही, म्हणून मी आत जाणंच टाळायचो. फोटो बघतानाही किळस आली. ती किळस माझीच होती. मी सगळे पुसले आणि डिस्क खराब झाली असं सांगितलं.

ती रडली. "एकाच जागी ठेवले, माजीच चूक हाय." तेव्हापासून मुलांचे फोटो ती तीन ठिकाणी ठेवते: मोबाईलमध्ये, घरच्या डिस्कवर आणि तिसऱ्या डिस्कवर. ती तिसरी माझ्या कपाटात असते. "तुजं कपाट म्हंजे माजा लॉकर," असं म्हणते, आणि माझं तोंड कडू होतं.

परवा ती नवी डिस्क घेऊन आली, तेव्हा मी एकदाचं सांगून टाकलं, "बाय, डिस्क खराब झालीच नव्हती. चादर दिसत होती, म्हणून मीच पुसले."

"ती चादर दर रविवारी मीच धुवायची, दादा. ती लपवायला तू बाबांना पुसलंस?"

नवी डिस्क तिने पर्समध्ये परत ठेवली आणि कपाटातल्या जुन्या डिस्कसाठी हात पुढे केला.